शेंडा खुडला की तुरीच्या पोटात काय होतं?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आपल्या हॉस्टेलच्या बऱ्याच खोल्यांना कुलपं लागतात. सर विचारतात, गावाकडे काय काम? उत्तर ठरलेलं असतं, ‘सर, तुरीचे शेंडे खुडायचेत.’ शहरात वाढलेल्यांना ही थाप वाटते, पण ती थाप नाही. धाराशिव जिल्ह्यात किती घरांच्या फीचा हप्ता सोयाबीन आणि तुरीवर अवलंबून असतो, हे ऑफिसच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहिलं की आपोआप कळतं.

काम दिसायला अगदी सोपं आहे. जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला पेरलेली तूर साधारण ४० ते ५० दिवसांची झाली की प्रत्येक झाडाचा वरचा कोवळा शेंडा, दोन-तीन इंच, चिमटीत धरून खुडायचा. काही जण पंधरा-वीस दिवसांनी आणखी एकदा खुडतात. आठ-दहा दिवसांत खालच्या पानांच्या बगलेतले डोळे फुटतात, सरळसोट वाढणारं झाड झुडपासारखं पसरतं आणि जास्त फांद्या म्हणजे जास्त शेंगा असा हिशेब असतो. म्हणजे वाढ थांबवली की वाढ होते! आपल्या कुठल्याच मशीनचं असं होत नाही. इंजिनाचा वरचा भाग काढून टाकला आणि ते जोरात पळायला लागलं, असं वर्कशॉपमध्ये अजून तरी कुणी दाखवलेलं नाही.

माझी रूममेट कळंब तालुक्यातली. तिच्या वडिलांना मी काका म्हणते. एकदा तिचा फोन स्पीकरवर होता आणि काकांनी मलाच विचारलं, ‘‘पोरी, तू इंजिनेरिंगला हाईस ना? मंग सांग, वरचा शेंडा खुडल्यालं खालच्या डोळ्यायला कसं कळतंय?’’ प्रश्न साधा वाटला, पण विचार करून बघा. झाडाला मज्जातंतू नाहीत, वायरिंग नाही, मेंदू तर नाहीच. मग वरची बातमी खाली कोण नेतं, कुठल्या रस्त्याने आणि किती वेगाने? हा लेख म्हणजे त्या एका प्रश्नाच्या मागे मी जे वाचत गेले, ते आहे.

आधी शब्दाचं बघू. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे बायोलॉजीच्या पुस्तकातले ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन माझ्या ओळखीचे. पाठ्यपुस्तकाच्या मराठीत त्यांना संप्रेरकं म्हणतात. पण कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘संप्रेरक द्या’ म्हटलं तर दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील. तिथे शब्द आहे ‘संजीवक’. मला तो जास्त आवडतो, त्यात गोष्टीतल्या संजीवनीचा वास आहे. मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. झाड स्वतःच्या शरीरात तयार करतं ते संप्रेरक. बाटलीतून येतं ते कधी त्याची हुबेहूब नक्कल असतं, तर कधी त्याच्या उलट काम करणारं रसायन असतं. दोन्हीला सर्रास संजीवकच म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

शेंड्यात तयार होणाऱ्या संप्रेरकाचं नाव ऑक्झिन. त्याचा शोध लागला नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला, १९२६ साली. फ्रिट्स वेंट हा तेव्हा बावीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्या फायनल इयरवाल्यांच्याच वयाचा. दिवसा सक्तीची लष्करी नोकरी आणि रात्री वडिलांच्या प्रयोगशाळेत काम. त्याने ओटच्या कोवळ्या कोंबांची टोकं कापून अगारच्या छोट्या तुकड्यांवर ठेवली. काही वेळाने टोकं फेकून दिली आणि नुसता अगारचा तुकडा दुसऱ्या, टोक कापलेल्या कोंबावर एका बाजूला ठेवला. ती बाजू जास्त वाढली आणि कोंब वाकला. म्हणजे टोकातून काहीतरी अगारमध्ये उतरलं होतं आणि अगारमधून कोंबात. डार्विनने १८८० च्या पुस्तकात याचा अंदाज केला होताच, वेंटने ते ‘काहीतरी’ पकडून दाखवलं. पुढे १९३४ च्या सुमारास केमिस्ट लोकांनी इंडोल ॲसेटिक ॲसिड हे ऑक्झिन शुद्ध स्वरूपात मिळवलं, ते चक्क माणसाच्या लघवीतून. हसू नका, खरंच आहे.

काकांच्या प्रश्नाला भिडणारा प्रयोग त्याआधीच, १९३३ मध्ये झाला. थिमन आणि स्कूग या दोघांनी एका शेंगवर्गीय झाडाचा शेंडा कापला. अपेक्षेप्रमाणे खालचे डोळे फुटले. मग दुसऱ्या झाडाचा शेंडा कापून त्या जखमेवर ऑक्झिन लावलेला अगार ठेवला. डोळे झोपलेलेच राहिले! झाडाला वाटलं, साहेब अजून केबिनमध्येच आहेत. शेंड्याच्या या दादागिरीला अग्रप्रभाव म्हणतात. आपल्या तुरीत जे चालतं ते हेच.

आता वाहतूक. माझ्या मते सगळ्यात भारी भाग हा आहे, म्हणून थोडी रेंगाळणार आहे.

झाडात दोन मोठ्या पाइपलाइन असतात. जलवाहिन्या मुळांकडून वर पाणी नेतात आणि रसवाहिन्या पानांनी बनवलेली साखर लागेल तिकडे नेतात. शेंड्यातलं ऑक्झिन मात्र मुख्यतः या दोन्हींतून जात नाही. ते जिवंत पेशींतून, एका पेशीतून खालच्या पेशीत, तिथून आणखी खालच्या पेशीत असं हातोहात जातं. जत्रेत विहिरीतून पाण्याच्या कळश्या हातोहात पुढे देतात ना, तसं. आणि खोडात दिशा एकच, शेंड्याकडून बुडाकडे. खोडाचा तुकडा कापून उलटा धरला तरी ऑक्झिन त्या तुकड्याच्या मूळच्या बुडाकडेच जातं, म्हणजे आता गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध! डायोड किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणा हवं तर.

हा व्हॉल्व्ह चालतो कसा? ऑक्झिन हे सौम्य आम्ल आहे. पेशीच्या भिंतीत पीएच साधारण ५.५ असतो. त्या आंबट वातावरणात शेकड्यातले पंधराएक रेणू विद्युतभाराशिवाय असतात, आणि भार नसलेला रेणू पेशीच्या तेलकट पडद्यातून सहज आत शिरतो. आत पीएच सुमारे ७. तिथे जवळजवळ सगळे रेणू भार घेऊन बसतात, भार नसलेला शेकड्यात एकसुद्धा उरत नाही. भार आला की पडदा ओलांडता येत नाही. म्हणजे ऑक्झिन आत येऊन अडकलं! बाहेर पडायला खास दरवाजे लागतात आणि हे दरवाजे पेशीच्या फक्त खालच्या बाजूला बसवलेले असतात. आत कुठूनही या, बाहेर जायचं ते खालच्याच दाराने. बस्स, एवढ्यावर संपूर्ण झाडाची वन-वे वाहतूक उभी आहे. या दरवाज्यांना पिन प्रथिनं म्हणतात. एका छोट्या रोपात हा दरवाजा बिघडला तेव्हा त्याचं खोड बिनफुलांचं, टाचणीसारखं वाढलं, म्हणून नाव पिन. त्याचा जीन १९९८ मध्ये ओळखला गेला.

पण दरवाजे खालच्या बाजूलाच असले पाहिजेत हा तर्क त्याच्या चोवीस वर्षं आधीचा. १९७४ मध्ये केंब्रिजच्या रूबेरी आणि शेल्ड्रेक यांनी तो मांडला आणि पुढच्या वर्षी रेव्हन यांनी स्वतंत्रपणे. यातले रूपर्ट शेल्ड्रेक त्याच १९७४ साली कुठे नोकरीला आले माहितीये? हैदराबादजवळ पटनचेरूच्या इक्रिसॅटमध्ये! आणि काम कशावर, तर तूर आणि हरभऱ्यावर. नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादला जाणाऱ्या आपल्या हायवेलाच पटनचेरू लागतं. ऑक्झिनचा वन-वे रस्ता कागदावर मांडणारा माणूस आपल्याच रस्त्यावर बसून तुरीची फुलं मोजत होता, हे वाचून मी दोन मिनिटं गप्पच झाले. (१९८१ नंतर त्यांनी जी पुस्तकं लिहिली त्यांवर बहुतेक शास्त्रज्ञ नाराज आहेत, पण तो विषय वेगळा.) त्यांच्या तुरीच्या कामाकडे पुढे येतेच.

तर आता काकांना सांगायला उत्तर तयार झालं होतं. शेंडा ऑक्झिन खाली पाठवतो, ते डोळ्यांना दाबून ठेवतं, शेंडा गेला की पुरवठा तुटतो आणि डोळे मोकळे होतात. परीक्षेत याला पूर्ण मार्क मिळतील. पण ऑक्झिनचा वेग बघा. हातोहात जाणारी वस्तू, ती किती धावणार? तासाला साधारण एक सेंटीमीटर. शेंड्यापासून ४० सेंटीमीटर खाली असलेल्या डोळ्यापर्यंत ‘पुरवठा बंद’ ही बातमी पोचायला ४० तास लागले पाहिजेत, म्हणजे जवळपास दोन दिवस. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने वाटाण्यावर हे मोजलं. वाटाणासुद्धा तुरीसारखाच शेंगवर्गीय. कॅमेरा लावून बघितलं तर ४० सेंटीमीटर खालचा डोळा तीन तासांच्या आतच वाढायला लागला होता! तिथल्या खोडातलं ऑक्झिन अजून कमीही झालेलं नव्हतं. ऑक्झिनच्या आधी कुणीतरी दुसराच निरोप घेऊन पोचला होता.

तो निरोप्या निघाला साखर. २०१४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. शेंडा हा झाडातला सगळ्यात मोठा खादाड. पानांनी बनवलेली साखर रसवाहिन्यांतून तो वर ओढून घेतो. शेंडा खुडला की ती साखर लगेच इतरांच्या वाट्याला येते, आणि रसवाहिन्यांचा वेग ऑक्झिनच्या कितीतरी पट. आपल्या मेसचं उदाहरण घ्या. एकटा आठ पोळ्या खाणारा मेंबर सुट्टीला गेला की त्याच दिवशी बाकीच्यांच्या ताटात पोळ्या वाढतात, त्यासाठी नोटीस लागत नाही. त्यांनी शेंडा न खुडता नुसती साखर पुरवली तरी डोळे हलले, आणि शेंडा खुडून पानंही काढून टाकली तेव्हा डोळ्यांचं फुटणं मंदावलं.

म्हणून ऑक्झिन खोटं ठरलं का? नाही. डोळा जागा होणं वेगळं आणि त्याची फांदी होणं वेगळं. फांदी व्हायला त्या डोळ्याला स्वतःचं ऑक्झिन मुख्य खोडात ओतावं लागतं. शेंडा असताना खोडाचा रस्ता आधीच भरलेला असतो, जसा सोलापूर रोडवर ऊसाच्या ट्रॅक्टरांची रांग असली की गल्लीतल्या मोटरसायकलला आत घुसता येत नाही. त्यातच मुळं आणि खोड सायटोकायनिन बनवतात, ते डोळ्यांना उठवतं. आणि स्ट्रिगोलॅक्टोन त्यांना दाबतं. ते फांद्यांवर ताबा ठेवणारं संप्रेरक आहे हे तर २००८ मध्येच कळलं. मला ही एक कंट्रोल सिस्टिमच वाटते, फास्ट सिग्नल साखरेचा आणि स्लो सिग्नल ऑक्झिनचा.

हे सगळं मी काकांना जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसरा प्रश्न टाकला, ‘‘ते समदं खरं. पण मजुरी जाऊन हातात काय उरंल?’’ खरी परीक्षा ही होती.

फांद्या वाढल्या म्हणजे शेंगा वाढल्याच असं नसतं, आणि शेल्ड्रेक यांच्या गटाचं काम नेमकं इथे उपयोगी पडतं. तूर जेवढी फुलं काढते त्यातली बहुतेक गाळून टाकते. इक्रिसॅटमध्ये त्यांनी मुद्दाम फुलं खुडून बघितली, तर झाडाने नंतरच्या फुलांना शेंगा धरून तूट बरीचशी भरून काढली. म्हणजे तुरीला फुलं कमी पडत नाहीत, शेंगा पोसायला लागणारी साखर कमी पडते. एरवी गळून गेली असती त्या फुलांच्या जागी अजून दहा फुलं आणून उपयोग काय? शेंडा खुडण्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा नव्या फांद्यांना पानं येऊन झाडाचा एकूण कारखाना मोठा होईल. त्याला दोन ओळींत जागा हवी, जमिनीत ओल हवी आणि फुलं लागायच्या आत वेळ हवा. दाट पेरलेल्या तुरीत, किंवा कळ्या दिसायला लागल्यावर खुडलं तर मजुरी अक्षरशः मातीत. बदनापूरच्या बीडीएन ७११ सारख्या लवकर येणाऱ्या वाणाला फांद्या भरायला दिवस कमी मिळतात, उशिरा येणाऱ्या वाणाला जास्त. म्हणून शेजाऱ्याने खुडलं म्हणून त्याच दिवशी आपणही खुडायचं, हे मला पटत नाही.

आणि आपल्या ब्रँचच्या लोकांसाठी एक गोष्ट. आता शेंडे खुडायची यंत्रं निघाली आहेत. फवारणी पंपाची बॅटरी पाठीवर, हातात पाइप, टोकाला छोटी मोटर आणि गोल पातं. दिवसभराचं काम काही तासांत होतं, आणि बरीचशी यंत्रं गावातल्याच वर्कशॉपमध्ये बनतात. पण हाताची चिमूट दोन इंच घेते, पातं मात्र ओळीत एकाच उंचीवर फिरतं. बुटकं झाड तसंच सुटतं आणि उंच झाडाचं पाऊण फूट जातं, त्यात साखर बनवणारी तयार पानंही जातात. वाटाण्याच्या प्रयोगात पानं काढल्यावर काय झालं ते वर लिहिलंच आहे. पात्याच्या मागे उंची धरून ठेवणारी एखादी साधी पट्टी किंवा गार्ड बसवता येईल का? मिनी प्रोजेक्टला दरवर्षी लाइन फॉलोअर रोबो करणाऱ्यांनी याचा विचार करावा. (मॅडम, हे तुमच्यासाठीसुद्धा आहे!)

तुरीवरून द्राक्षाकडे वळते, कारण संजीवकांचा खरा बाजार तिथे आहे. तुळजापूर, धाराशिवकडच्या मुलांना ‘जीए’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जिबरेलिक ॲसिड. याचा जन्म मजेशीर. जपानमध्ये भाताला एक रोग यायचा, रोपं वेड्यासारखी उंच वाढायची आणि आडवी पडायची. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं की त्या बुरशीने सोडलेल्या द्रवानेच रोपं लांब होतात. पुढे कळलं की हे रसायन झाडं स्वतःही बनवतात. द्राक्षाच्या मण्यात ते बीमधून येतं. थॉम्पसन, तास-ए-गणेश किंवा नान्नजच्या काळे यांची सोनाका या बिनबियांच्या जातींत बी अर्धवट राहून जिरतं, म्हणून मणी बारीकच राहतो. मग जीए बाहेरून द्यायचं.

पण ते पानांवर मारून का भागत नाही? घड बुडवायलाच, म्हणजे डिपिंगच का करावं लागतं? पुन्हा वाहतूकच! पानावर पडलेलं जीए घडापर्यंत फारसं जात नाही. एका घडाला दिलेलं शेजारच्या घडाला मिळत नाही. म्हणून बायका मग घेऊन वेलीवेलीखाली फिरतात आणि एकेक घड बुडवतात. एका एकरात हजारो घड. पाच रुपयांच्या पुडीतल्या बेदाण्याकडे बघून हे आठवत नाही, एवढंच.

उलट उदाहरण क्लोरमेक्वाटचं, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात. हे झाडाला जिबरेलिन बनवू देत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढ आवरावी आणि डोळ्यात घड तयार व्हावा म्हणून ते पानांवर मारायचे. कारण जिबरेलिन जास्त झालं तर घडाची बाळी होते आणि सायटोकायनिनच्या बाजूने पारडं झुकलं तर घड होतो. घड फळछाटणीनंतरचा, फवारणी त्याच्या महिनोन्महिने आधीची, म्हणून फळात काही राहणार नाही असा समज. २०१० मध्ये महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात याच रसायनाच्या अंशामुळे नाकारली गेली. इकडे ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत ते नव्हतंच. निर्यात करणाऱ्या बागायतदारांना त्या हंगामाचा मोठा फटका बसला. जीए घडापर्यंत जात नाही म्हणून मजुरी, आणि सीसीसी घडापर्यंत गेलं म्हणून नुकसान. कुठलं रसायन झाडात कुठे जातं, हे बाटलीवरच्या डोसाइतकंच महत्त्वाचं आहे.

शेवटी पाण्याबद्दल, कारण आपल्या जिल्ह्यात तोच विषय शेवटी निघतो. झाडाला ताण पडला की ॲब्सिसिक ॲसिड वाढतं आणि पानांची सूक्ष्म छिद्रं बंद होतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि साखर थांबते. कोरडी पडलेली मुळं हा निरोप जलवाहिन्यांतून वर पाठवतात, शिवाय पानं तो स्वतःही बनवतात. ऑस्ट्रेलियातल्या द्राक्षबागांत १९९० च्या दशकात याचा हुशारीने वापर केला. वेलीच्या एका बाजूच्या मुळांना पाणी द्यायचं, दुसरी कोरडी ठेवायची, काही दिवसांनी बाजू बदलायची. कोरडी बाजू ‘काटकसर करा’ म्हणून सांगत राहते आणि ओली बाजू वेलीला सुकू देत नाही. ठिबकच्या दोन नळ्या आणि एक व्हॉल्व्ह, एवढंच काय ते सामान.

तुरीला मात्र बहुतेकांकडे ठिबक नाही. ऑगस्टमध्ये शेंडा खुडून झाड पसरवलं आणि सप्टेंबरात पावसाने दडी मारली, तर जास्त पानांचं झाड तेवढंच जास्त पाणी मागणार. काकांची जमीन हलकी, म्हणून त्यांनी यंदा मधला मार्ग काढला. अर्ध्या रानात एकदाच खुडलं, दुसरी खुडणी केली नाही, आणि बांधाजवळच्या चार ओळी अजिबात न खुडता सोडल्या. काढणीच्या वेळी दोन्हीकडच्या दहा-दहा झाडांच्या शेंगा मोजायच्या आणि दाणे वेगवेगळे तोलायचे, असं रूममेटचं आणि माझं ठरलंय. काट्याची सोय काका करणार आहेत, वही आमची.